मावशीच्या जनेलातली वाकडी काच

डिचोलीला मावशीच्या जुन्या घरात एक जनेल, म्हणजे खिडकी आहे, खाली लाकडी पट्ट्यांत बसवलेले चपटे शिंपले आणि वर काचेची दोन तावदानं. शिंपल्यांतून उजेड येतो पण बाहेरचं काही दिसत नाही, काचेतून दिसतं पण अंगणातला माड कंबरेत मोडल्यासारखा दिसतो. मावसभाऊ दर चतुर्थीला पाहुण्यांना सांगतो की काच हा खरं तर द्रव असतो, शंभर वर्षांत हळूहळू खाली ओघळतो. चूक! नेहमीच्या तापमानाला काच इतकी घट्ट असते की डोळ्यांना दिसेल एवढं ओघळायला विश्वाचं वय पण पुरणार नाही. ही वाकडेपणाची भानगड भट्टीतलीच.

ती समजायची तर इंग्लंडातल्या स्मेथविकला जायला हवं, बर्मिंगहॅमजवळचं कालव्याकाठचं गाव. कोळसा कालव्यातून बोटीने थेट भट्टीपर्यंत यायचा, आणि काच कारखान्याला वाळूइतकीच कोळशाची भूक. तिथला एक कारखाना रॉबर्ट लुकस चान्सने १८२४ साली विकत घेतला. तेव्हा तिकडे खिडकीची काच म्हणजे फुगा फुंकायचा, उघडायचा आणि गरगर फिरवून त्याची थाळी करायची. चकचकीत व्हायची, पण थाळीच्या मध्ये गाठ, त्यामुळे मोठा तुकडा निघायचाच नाही.

मग १८३२ मध्ये चान्सने फ्रान्समधली रीत आणली, कारागीर पण तिकडूनच. फुंकणीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा, तो फुंकायचा आणि खोल खड्ड्यावर घंटेच्या लोलकासारखा झुलवायचा, म्हणजे स्वतःच्याच वजनाने लांब होऊन नळकांडं तयार होतं. दोन्ही टोकं कापायची, उभी चीर द्यायची, परत तापवून पापडासारखं सपाट उलगडायचं. आता बघा गंमत, नळकांड्याचा बाहेरचा घेर आतल्यापेक्षा मोठा, सपाट केलं की बाहेरच्या बाजूला काच जास्त होते, ती जाणार कुठे? सुरकुत्या पडतात. माडाची कंबर मोडते ती तिथे.

चान्सच्या पुतण्याने, जेम्सने, ही काच पॉलिश करायची युक्ती काढली. पातळ काच घासताना फुटायची, म्हणून त्याने ती ओल्या चामड्यावर चिकटवून धरली. मला तर हीच सगळ्यात भारी आयडिया वाटते, पण नाव झालं ते दुसऱ्याच कामाने. १८४५ ला काचेवरचा वजनी कर उठला आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस हा काचेचा महाल उभा राहिला, त्याची सुमारे ३ लाख तावदानं स्मेथविकची, प्रत्येक ४९ इंच लांब, १० इंच रुंद, सगळी माणसांच्या फुप्फुसातल्या हवेने फुगवलेली. पुढे दीपगृहांची भिंगं पण तिथे बनायला लागली. १९५९ मध्ये वितळलेल्या कथिलावर काच तरंगवायची पद्धत जाहीर झाली आणि सुरकुत्यांचा विषयच संपला. १९८१ ला स्मेथविकचा कारखाना बंद पडला.

जुनी काच ओळखायची तर बुडबुडे बघा. गोल कमानीत असतील तर थाळीची काच, सरळ रेषेत ताणलेले असतील तर नळकांड्याची, कारण झुलवताना बुडबुडे पण लांबीच्या दिशेने ताणले जातात. मावशीच्या तावदानात ते ताणलेले आहेत पण आडवे, म्हणजे सुताराने तुकडा आडवा फिरवून बसवला. भावाला दाखवलं तर म्हणाला, मग ओघळतेय, पण शेजाऱ्याच्या बाजूला.