शिकारी रायफल : नाशिक परिसरातील जुन्या व घडवून घेतलेल्या रायफलींचा संग्रह

नळीच्या आतून पिळाचे चरे पाडलेली, एका वेळी एकच गोळी लांबवर आणि नेमकी मारणारी बंदूक म्हणजे रायफल. रायफल आणि छऱ्याची बंदूक यांत नाशिककडे बोलताना फारसा फरक करत नाहीत, दोन्हींना ‘बंदूक’च म्हणतात. संग्रहाच्या दृष्टीने मात्र ही दोन वेगळी कुळे आहेत. या नोंदीत ‘जुनी’ म्हणजे साधारण १८९० ते १९६० या काळात बनलेली रायफल, आणि ‘घडवून घेतलेली’ म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाताची लांबी, खांद्याची ठेवण आणि नेम धरायची सवय पाहून जिचा दस्ता (खांद्याला टेकवायचा लाकडी भाग) कोरला, नळी निवडली आणि माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) बसवली अशी रायफल.

जिल्ह्याच्या पश्चिमेला सुरगाणा, पेठ, इगतपुरी हा डोंगर-जंगलाचा पट्टा आहे, तर पूर्वेला येवल्याकडे उघडी माळराने. आज काळविटांसाठी राखलेले ममदापूरचे क्षेत्र याच माळावर आहे. झाडीत जनावर वीस-तीस पावलांवर समोर येते, तिथे भारी गोळीची दुनळी, म्हणजे शेजारी-शेजारी दोन नळ्या असलेली रायफल उपयोगाची. माळावर काळवीट दीडशे यार्डांच्या आत येऊ देत नाही, तिथे हलक्या व वेगवान गोळीची, बोल्टची (मागचा सरकता दांडा हाताने मागे-पुढे करून काडतूस भरायची) एकनळी हवी. नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर बदकांसाठी छऱ्याचीच बंदूक लागे, रायफलीचे तिथे काम नव्हते. आता या तिन्ही ठिकाणी शिकारीला बंदी आहे. वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली वाटही बंद झाली. हे योग्यच झाले. पण त्यामुळे रायफलीचे मूळ काम संपले, आणि ती कोणी कशासाठी जपावी हा प्रश्न घराघरात उभा राहिला.

संग्रह हा शब्द इथे जपून वापरावा लागतो. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार एका व्यक्तीला तीन बंदुका ठेवता येत. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ही मर्यादा दोनवर आली आणि वारसाहक्काने येणारी बंदूकही तिच्यातच मोजली जाऊ लागली. ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांना वर्षभराच्या आत तिसरी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागली. आजोबांची कोणती ठेवायची आणि कोणती द्यायची, हा निर्णय अनेक घरांना त्या वर्षी घ्यावा लागला. परदेशातला संग्राहक पन्नास-शंभर रायफली भिंतीवर मांडतो. आपल्याकडे संग्राहक म्हणजे दोन वस्तू नीट ओळखणारा, त्यांची कागदपत्रे पूर्ण ठेवणारा आणि त्या पुढच्या पिढीला धडपणे सोपवणारा माणूस. जमवण्यापेक्षा जपणे हेच इथले खरे काम आहे.

रायफलीच्या मापामागे, म्हणजे इंचात सांगितल्या जाणाऱ्या नळीच्या भोकाच्या रुंदीमागे, इतिहास असतो. लष्करी मापाची काडतुसे बंडखोरांच्या हाती लागू नयेत म्हणून ब्रिटिश सरकारने १९०७ मध्ये हिंदुस्थानात .४५० मापाच्या रायफलींची आयात बंद केली. त्यावर इंग्लंडमधल्या बंदूककारांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापे काढली. आज जगभर नावाजलेले .४७० हे असे हिंदुस्थानातल्या बंदीतून जन्मलेले. .३०३ हे फौजेचे माप असल्याने खासगी शिकाऱ्यांसाठी .३१५ पुढे आले. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याने ली-एनफिल्ड या ब्रिटिश फौजी रायफलीच्या धर्तीवर .३१५ ची रायफल बनवली आणि तिची काडतुसे पुण्याजवळ खडकीला तयार होऊ लागली. परवानाधारक तिला ‘थ्री फिफ्टीन’ म्हणतात. त्याउलट .२७५ रिग्बी, .३७५ हॉलंड अँड हॉलंड (१९१२), .४०४ जेफरी ही इंग्रजी बंदूककारांच्या नावाने ओळखली जाणारी मापे. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल .२७५ रिग्बीच होती.

मोल कशावरून ठरते

पहिली पारख मापाची. .३०३ सारखे माप आजही प्रतिबंधित वर्गात, म्हणजे सामान्य नागरिकाला न मिळणाऱ्या मापांत मोडते. बर्मिंगहॅमची कितीही देखणी .३०३ असली तरी सामान्य परवान्यावर ती घेता येत नाही, त्यामुळे तिला गिऱ्हाईक जवळजवळ नसतेच. दुसरी पारख काडतुसांची. ज्या मापाची काडतुसे देशात मिळत नाहीत ती रायफल फक्त पाहण्याची उरते. उलट, १९८० च्या दशकापासून खासगी आयात जवळपास थांबल्यामुळे चांगली, कायद्यात बसणारी इंग्रजी रायफल देशात नव्याने येत नाही. आहेत त्यांनाच भाव आहे.

त्यानंतर वस्तू स्वतः. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून बोल्ट काढावा आणि नळी खिडकीतल्या उजेडाकडे धरून मागच्या बाजूने पाहावे. चांगल्या नळीत चरे पाण्यावरच्या वलयांसारखे स्वच्छ फिरत जातात आणि कडा धारदार दिसतात. खराब नळीत चेंबरच्या (काडतूस बसते त्या जागेच्या) पुढच्या चार-सहा इंचांत काळपट खड्डे असतात. याचे कारण जुन्या काडतुसांच्या टोपीतला (बुडाशी असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या भागातला) क्षार. बार झाल्यावर तो नळीत राहतो आणि हवेतला ओलावा ओढून घेतो. तेलाने तो विरघळत नाही, त्याला गरम पाणीच लागते. जुने शिकारी संध्याकाळी मुक्कामावर आल्यावर आधी नळीतून उकळते पाणी सोडत आणि मग चहा पीत. ही सवय ज्या घरात होती त्या घरची नळी शंभर वर्षांनीही ओळखू येते.

नळीच्या खालच्या अंगावर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे ठसे असतात. तिथे प्रत्येक नळी जास्त दाबाची काडतुसे झाडून तपासली जाई. नळी, बोल्ट आणि दुनळी असेल तर पुढचा लाकडी भाग यांवरचे क्रमांक जुळले पाहिजेत. नामांकित घराण्याचे नाव नंतर कोरलेल्या नकला सापडतात. अक्षरांचे वळण आणि ठशांचे वर्ष यांचा मेळ बसत नाही, तिथे शंका घ्यावी. रिग्बी, हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांच्या जुन्या वह्यांत क्रमांकावरून रायफल कधी व कोणासाठी बनली हे सापडू शकते. मुंबईच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स या दुकानाच्या नावाने विकलेल्या बंदुका प्रत्यक्षात इतर कारखान्यांनी बनवलेल्या असत. तेही ठशांवरूनच उलगडते.

सर्वांत मोठे नुकसान ‘नवी करून आणण्या’ने होते. लोखंडाला हळूहळू गंजवून आणलेली निळसर-काळी झाक घासून पुन्हा रंगवली, अक्रोडाच्या दस्त्यावर चकचकीत पॉलिश मारले, की मूळ कारागिराच्या हाताची खूण गेली. मुठीपाशी पकडीसाठी कोरलेली, आता गुळगुळीत झालेली जाळी, दस्त्याच्या खाली बसवलेली अंडाकार पट्टी आणि तिच्यावरची आद्याक्षरे हेच त्या रायफलीचे चरित्र असते. दस्त्याला वर्षातून एकदा उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन थेंब हातावर चोळून लावले तरी पुरतात. यापुढची दुरुस्ती परवानाधारक बंदूककारानेच करावी. परवान्याशिवाय दुरुस्ती वा बदल करणे हा गुन्हा आहे.

जपणूक

इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, येवल्याला त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा. म्हणून एकाच जिल्ह्यात दोन रीती लागतात. घाटाकडे आषाढ-श्रावणात दर आठवड्याला पुसणे भाग आहे. अक्रोडाचे लाकूड ओल धरून फुगते, नळीला एका अंगाने रेटते आणि मे महिन्यात बरोबर लागणारी गोळी ऑगस्टमध्ये बाजूला जाते. मूळ चामड्याची पेटी मौल्यवान असते, पण रायफल तिच्यात ठेवू नये. चामडे ओलावा धरते आणि पोलादाला डसते. मायेने पेटीत ठेवलेल्या रायफलीच सर्वांत जास्त गंजलेल्या दिसतात. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदुका जमा होतात, तेव्हा आधी तेलाचा हात फिरवून, सुती कापडात गुंडाळून द्यावी आणि पावतीवर क्रमांकासोबत वस्तूची अवस्थाही लिहून घ्यावी.

खंडेनवमीला शस्त्रपूजा होते. एका घरी पाहिलेल्या एकनळीच्या निळसर पाठीवर बोटाच्या पेराएवढा तांबूस डाग होता आणि त्याच्या शेजारी पाकळीच्या आकाराचा दुसरा. ओले कुंकू आणि झेंडू रात्रभर तसेच राहिले होते. पूजा जरूर करावी, पण गंधफूल खाली अंथरलेल्या वस्त्रावर वाहावे. आणि हवेत बार काढू नये. २०१९ च्या दुरुस्तीनुसार त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

आज वापर उरला तो नेमबाजीच्या मैदानावर, तोही काडतुसांच्या कोट्यात. पिकाच्या राखणीसाठी कायदा ठासणीची (तोंडाकडून दारू व गोळी ठासून भरायची) बंदूक धरतो, रायफल नव्हे, आणि रानडुकरांच्या बाबतीतही वनखात्याची परवानगी आधी लागते. दुनळीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्या दोन नळ्या विशिष्ट काडतुसाच्या जोरावर ठराविक अंतरावर एकत्र लागतील अशा जुळवलेल्या असतात. कारागीर बार काढून पाहतो, नळ्यांमधली पाचर किंचित सरकवतो, पुन्हा बार काढतो. वेगळी काडतुसे घातली की दोन गोळ्या दोन दिशांना जातात आणि लोक बिचाऱ्या रायफलीला बोल लावतात.

हस्तांतरासाठी नाशिक शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी हे परवाना अधिकारी. दुसऱ्या परवानाधारकाला विकायची तर लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. २०१६ च्या नियमांनुसार मालक सत्तर वर्षांचा झाला, किंवा रायफल त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिली, की हयातीतच ती वारसाच्या परवान्यावर नेता येते. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. मग मालक गेल्यावर रायफल ठाण्यात जमा होते आणि जुना परवाना, खरेदीची पावती, काडतुसांच्या नोंदी यांचा शोध सुरू होतो. हे कागद रायफलीच्या क्रमांकासह एका पाकिटात घालून वारसाला आधीच दाखवून ठेवावेत.