परक्या भाषेच्या वर्गात मेंदू का थकतो?

परदेशात एक वर्ष शाळा शिकायला गेलेले मूल सुरुवातीचे काही आठवडे दुपारी घरी येताच दप्तर टाकून झोपते, रात्री यजमान कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलावर गप्प बसते आणि व्हिडिओ कॉलवर आईला ‘काही नाही, बरा आहे’ एवढेच सांगते. आपल्याकडे याचे अर्थ ठरलेले असतात : घरची आठवण येते, हवापाणी मानवले नाही, नाहीतर कुणाची दृष्ट लागली. दृष्ट काढणाऱ्या आजीची माया खरी असली, तरी मीठमोहरीने या थकव्याचे कारण सापडत नाही. आठवण आणि हवापाणी यांचा वाटा थोडाफार असतोच. पण ज्या कारणाचा प्रयोगशाळांमध्ये बारकाईने अभ्यास झाला आहे, ते मात्र पालकांच्या बोलण्यात क्वचितच येते. ते कारण म्हणजे परकी भाषा दिवसभर ऐकण्याचे श्रम.

जर्मनीचे उदाहरण घेऊ. १९४७ पासून शाळकरी मुलांची देवाणघेवाण करणारी एएफएस ही संस्था किंवा रोटरी यांच्यामार्फत पंधरा ते अठरा वर्षांची मुले तिथे एखाद्या कुटुंबात राहून सुमारे दहा महिने स्थानिक शाळेत शिकतात. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनची परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेल्या मुलालाही पहिल्या आठवड्यात इतिहासाच्या तासाला विषय कोणता चालला आहे एवढेच जेमतेम कळते. ‘इतके क्लास लावले, तरी समजत कसे नाही?’ हा पालकांचा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु परीक्षेतील ध्वनिफीत शांत खोलीत, स्पष्ट उच्चारांत वाजते. वर्गात शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलतात, मागच्या बाकावर कुजबुज चालते, खुर्च्या सरकतात, आणि पुस्तकातले ‘हास्ट डू’ मुलांच्या तोंडी ‘हास्ते’ होऊन निघून जाते.

अशा मुलांना निघण्यापूर्वी अनेकदा इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा एक आलेख दाखवतात : आधी आनंद, मग उदासी, मग रुळणे. त्याचे मूळ नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांच्या १९५५ च्या अभ्यासात आहे. त्यांनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन प्रौढांच्या मुलाखती घेतल्या, आणि त्यांत सहा ते अठरा महिने राहिलेल्यांचे समायोजन सर्वांत कमकुवत दिसले. ही वेगवेगळ्या मुदतींसाठी राहिलेली वेगवेगळी माणसे होती. एकाच माणसाचा प्रवास त्यात मोजलेला नव्हता. दहा महिन्यांच्या शालेय वर्षावर तो आलेख लादला, तर मुलाने उदासीच्या खड्ड्यात असतानाच परत यायला हवे. नंतरच्या अनेक अभ्यासांत तर सर्वाधिक त्रास अगदी पोहोचल्यापोहोचल्या होतो असे आढळले, आणि ऐकण्याच्या श्रमांशी हेच अधिक जुळते.

आता हे ऐकणे घडते कसे ते पाहू. लिहिताना आपण शब्दांमध्ये जागा सोडतो, बोलताना सोडत नाही. बोललेल्या वाक्याचा ध्वनिलेख काढला, तर खरी शांतता बहुधा शब्दाच्या आतच सापडते, कारण क, ट, प उच्चारताना हवा क्षणभर अडते. म्हणजे शब्दांच्या सीमा ध्वनीत नसतात. त्या मेंदूला शोधाव्या लागतात. त्यासाठी मेंदू शब्द संपण्याची वाट पाहत नाही. ‘पा’ कानी पडताच पाणी, पान, पाटी, पाऊस असे अनेक शब्द एकाच वेळी जागे होतात. ‘पाऊ’ येताच पाऊस, पाऊल, पाऊण एवढेच उरतात. पुढचा ध्वनी येताच उरलेले बाद होतात. संदर्भाची साथ असेल, तर हा निवाडा सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यातही लागतो. मातृभाषेत ही स्पर्धा इतकी सहज चालते, की ती चालते हेच आपल्याला जाणवत नाही.

परक्या भाषेत या स्पर्धेत उगाचच जास्त उमेदवार उतरतात. कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल, कारण त्यातील एक ध्वनिजोडी हिंदीतील ट आणि त या वर्णांची होती. इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांची बाळे हा फरक ओळखत होती, पण दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो ओळखता येत नव्हता. कान अधू होत नाही; भोवतालच्या भाषेला नको असलेल्या फरकांकडे मेंदू दुर्लक्ष करायला शिकतो. आपलेही तेच झालेले असते. जर्मनमध्ये ‘आधीच’ आणि ‘सुंदर’ या अर्थांचे दोन शब्द केवळ एका स्वराने वेगळे होतात, आणि नवख्या मराठी कानाला दोन्ही ‘शोन’च्या आसपासच ऐकू येतात. नेदरलँड्समधील आन्द्रेआ वेबर आणि अ‍ॅन कटलर यांनी २००४ मध्ये डोळ्यांच्या हालचाली टिपून याचा परिणाम दाखवला. इंग्रजी ‘पांडा’ शब्दाची सुरुवात ऐकताच डच श्रोत्यांची नजर पडद्यावरील ‘पेन्सिल’कडेही वळत होती, कारण त्या दोन शब्दांतील पहिल्या स्वरांचा फरक डच कानाला नीट पकडता येत नाही. जो शब्द मातृभाषकाच्या मनात जागाच होत नाही, तो या श्रोत्यांना जागा करून पुन्हा बाद करावा लागत होता. प्रत्येक तासाला असे हजारो शब्द येतात, आणि एका शब्दाचा निवाडा रेंगाळेपर्यंत पुढचे दोन निघून गेलेले असतात.

त्यात गोंगाटाची भर पडते. दादर स्थानकावरील गर्दीत अर्धीमुर्धी ऐकलेली मराठी उद्घोषणा आपल्याला पूर्ण कळते, कारण हरवलेले शब्द मेंदू अंदाजाने भरून काढतो. परक्या भाषेत अंदाजाचा हा साठा तोकडा असतो. शाळेच्या वर्गात पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलहून आणि आवाज थांबल्यावरही तो खोलीत घुमत राहण्याचा काळ ०.६ सेकंदाहून अधिक नसावा, असे २००२ चे अमेरिकी मानक सांगते, आणि परभाषेत शिकणाऱ्यांना अशा शांततेची गरज इतरांहून जास्त असते. हे श्रम मोजताही येतात. स्मरणावर ताण वाढला की डोळ्याची बाहुली किंचित विस्फारते, हे डॅनिएल काह्नमन आणि जॅक्सन बीटी यांनी १९६६ मध्ये दाखवले होते. हेच मोजमाप अलीकडे गोंगाटात वाक्ये ऐकणाऱ्यांवर लावले असता, दोघांनाही सारखेच समजत असतानासुद्धा परभाषकाची बाहुली मातृभाषकाच्या बाहुलीपेक्षा अधिक विस्फारलेली आढळली.

या थकव्यावर ‘ब्रेन टॉनिक’ विकणारे पुष्कळ आहेत. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो, हे खरे आहे. पण कठीण बौद्धिक कामाने हा खर्च अगदी थोडा वाढतो. इंधन संपल्यामुळे मूल थकलेले नसते, त्यामुळे बाटलीतल्या सरबताने त्याची भाषा सुधारणार नाही. झोपेत कानाला हेडफोन लावून भाषा शिकवण्याचे दावेही असेच पोकळ आहेत. झोपेचे खरे काम वेगळे आहे. निकोलस ड्युमे आणि गॅरेथ गॅस्केल यांनी २००७ मध्ये दाखवले, की नव्याने शिकलेला शब्द लगेच ओळखता आला, तरी वर सांगितलेल्या स्पर्धेत तो उतरतो झोपेनंतरच. संध्याकाळी शिकून झोपलेल्यांमध्ये बारा तासांनी हा बदल दिसला. सकाळी शिकून तेवढाच वेळ जागे राहिलेल्यांमध्ये दिसला नाही. शाळेतून आलेल्या मुलाच्या झोपेला आळस म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग आवर्जून लक्षात घ्यावा.

कान बदलतो, आणि काही बाबतींत आश्चर्यकारक वेगाने बदलतो. एखाद्या वक्त्याचा विचित्र उच्चार ओळखीच्या शब्दांत अवघा वीस वेळा ऐकला, तरी श्रोत्याच्या मनातील त्या ध्वनीची सीमा सरकते, असे २००३ च्या एका डच प्रयोगात आढळले. म्हणून मुलाला आधी यजमान आईचे बोलणे कळू लागते आणि वर्गमित्रांचे नंतर. होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन यांनी २००९ मध्ये डच विद्यार्थ्यांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन उच्चारांतील इंग्रजी दृश्ये दाखवली. इंग्रजी उपशीर्षकांसह पाहणाऱ्यांना त्याच वक्त्यांची नवी वाक्ये अधिक चांगली पकडता आली, तर डच उपशीर्षकांनी उलट अडथळा केला. तेव्हा जर्मन मालिका जर्मन उपशीर्षकांसहच पाहावी, इंग्रजी उपशीर्षकांसह नव्हे. वर्गात पुढच्या बाकावर, शिक्षकांचे ओठ दिसतील असे बसावे. जर्मन शाळांमध्ये वर्गातील तोंडी सहभागालाही गुण असतात आणि गप्प बसणारा विद्यार्थी उदासीन समजला जाऊ शकतो. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात यजमान पालकांनी शिक्षकांना भेटून, सुरुवातीच्या काही महिन्यांत त्याला तोंडी उत्तराऐवजी लेखी उत्तराची मुभा मागून घ्यावी.