बर्फावरची राखण

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर पहाटे बर्फाच्या लाद्या उतरतात. लादीत आकडा अडकवून हिसका दिला की ओल्या फरशीवरून ती सुर्रकन निघते. एकदा निघाली की वळवायला मात्र दोघांना जोर लावावा लागतो. आइस हॉकीतला बचाव मला इथेच उभं राहून कळला.

बर्फाच्या अगदी वरच्या थरातले रेणू आतल्यांइतके घट्ट बांधलेले नसतात, पाण्यासारखे सैल असतात. म्हणून घर्षण नगण्य. ताशी ३० किलोमीटरने घसरत येणाऱ्या खेळाडूला वळायचं तर स्केटचं पातं आडवं रोवून, बर्फ खरवडत वेग मारावा लागतो. अशा वेळी गोलरक्षक सोडून उरलेले पाचही खेळाडू आपापल्या माणसामागे लागले, तर एका हुलकावणीत पाठलाग करणारा घसरत पुढे निघून जातो आणि गोलसमोर मैदान मोकळं. त्यामुळे बरेच संघ माणूस नव्हे, जागा राखतात. आपल्या कबड्डीतला कोपरारक्षक चढाईपटूमागे अंगणभर फिरतो का? तो कोपरा धरून असतो.

राखायची ती जागा कोणती, ते भूमिती सांगते. गोल १.८३ मीटर रुंद. बरोबर समोर, ६ मीटरवरून तो साधारण १७ अंशांत मावतो. अंतर तेच ठेवून ६० अंश बाजूला सरका, उरतात जेमतेम ९. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, बचावाच्या भागाची हद्द दाखवणारी निळी रेषा गोलरेषेपासून १९.५ मीटरवर असते. तिथून ५ अंशांच्या आसपास. त्यात वेळ धरा. ताशी १४४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४० मीटर. एवढ्या वेगाने मारलेली रबरी चकती, म्हणजे पक, ६ मीटर ०.१५ सेकंदात कापते. डोळ्यांनी पाहून हात हलवायलाच माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात! निळ्या रेषेवरून तोच फटका जवळपास अर्धा सेकंद घेतो.

म्हणून दोन बचावपटू गोलजवळ, सेंटर, म्हणजे मधला आघाडीपटू, त्यांच्या मदतीला, दोघे विंगर, म्हणजे कडेचे आघाडीपटू, निळ्या रेषेच्या अंगाला. भिंतीलगतची जागा प्रतिस्पर्ध्याला खुशाल देतात. पक दुसरीकडे गेला की सगळी रचना एकत्र सरकते.

मला सर्वांत जास्त आवडते ती बचावपटूची काठी. पातं बर्फाला टेकलेलं, गोलसमोरून आडव्या जाणाऱ्या पासच्या वाटेत. कारण तो पास पोचला, तर गोलरक्षकाला एका खांबाकडून दुसऱ्याकडे झेपावावं लागतं. आणि तोही त्याच बर्फावर असतो. एकदा निघाला की त्यालाही मध्येच थांबता येत नाही.