हेअरस्प्रे (चित्रपट, १९८८)

हेअरस्प्रे हा जॉन वॉटर्सने लिहिलेला आणि त्यानेच दिग्दर्शित केलेला अमेरिकन कॉमेडी सिनेमा, फेब्रुवारी १९८८ मधला. गोष्ट बाल्टिमोर शहरातली, साल साधारण १९६२-६३, आणि सगळा गोंधळ एका लोकल चॅनलवरच्या डान्स शोवरून. शाळा सुटली की पोरी धावत घरी येतात, दप्तर फेकतात आणि टीव्ही लावतात, शोमधल्यांसारखे केस फुगवून त्यावर डबाभर स्प्रे मारतात. ठाण्यात ज्यांचं लहानपण सोनीवरचं 'बूगी वूगी' बघत गेलं, किंवा नंतर झी मराठीवर सचिन पिळगावकरांना महागुरू म्हणून बघण्यात गेलं, त्यांना हे वेड समजावून सांगायला नको. फरक एवढाच की इथे नंबर, मार्क, एसएमएस असली भानगड नाही, रोज तीच ठरलेली पोरं येऊन नाचतात, त्यांना कौन्सिल म्हणतात आणि कौन्सिलमध्ये शिरायचं तर आधी आत बसलेल्यांनी तुम्हाला पास करावं लागतं. सगळी मेख तिथेच आहे.

हिरोईन ट्रेसी टर्नब्लॅड (रिकी लेक) जाडी आहे आणि झकास नाचते. आपल्याकडे गॅदरिंगला अशा मुलीला बाई मागच्या लाईनीत उभं करतात, किंवा झाड करतात, हे नौपाड्यापासून नेरुळपर्यंत कुठल्याही शाळेत चालतं आणि त्यावर कोणी काही बोलत नाही. ट्रेसी मात्र थेट कॅमेऱ्यासमोर पोचते, आणि आत्तापर्यंत पहिल्या लाईनीत असलेल्या अँबरचा नि तिच्या आईबापाचा तिळपापड होतो. म्हणून बरेच लोक याला 'जाड्या मुलीची गोष्ट' म्हणून सोडून देतात. माझ्या मते ते अर्धवट आहे.

कौन्सिलच्या इंटरव्ह्यूमध्ये ट्रेसीला विचारतात की काळे-गोरे एकत्र पोहतात अशा स्विमिंग पूलमध्ये तू उतरशील का, आणि ती बिनधास्त हो म्हणते. मराठी माणसाला हा प्रश्न ऐकून महाडचं चवदार तळं आणि १९२७ साल आठवलं नाही तरच नवल. त्याच ऑडिशनला आलेल्या काळ्या मुलीला मात्र दारातूनच परत पाठवतात, कारण शोमध्ये काळ्या पोरांसाठी वेगळा दिवस ठेवलेला असतो. म्हणजे गाणी त्यांची, स्टेप्स त्यांच्या आणि रोजच्या शोमध्ये तेच नाहीत. पुढे शाळा ट्रेसीला तिच्या केसांवरून शिक्षा म्हणून वेगळ्या वर्गात बसवते, तिथे तिची सीवीड या काळ्या मुलाशी ओळख होते, मग त्याची आई मोटरमाऊथ मेबेल, तिचं रेकॉर्डचं दुकान, अम्युझमेंट पार्कवरचा मोर्चा, अटक असं करत करत गोष्ट जाते. शेवटाला एका उंच विगमध्ये लपवलेला बॉम्बसुद्धा आहे, तो कोणाच्या डोक्यावर फुटतो ते सांगत नाही.

वॉटर्स तोपर्यंत ओंगळ, अंगावर येणाऱ्या सिनेमांसाठी बदनाम होता, त्याने एकदम घरच्यांसोबत बघता येईल असा पिक्चर काढला हेच तेव्हा लोकांना धक्कादायक वाटलं. पण खोडी गेली नाही. ट्रेसीच्या आईचं, एडनाचं काम डिव्हाईन या पुरुष नटाने केलंय. घरी लोकांचे कपडे इस्त्री करणारी, आधी लेकीवर खेकसणारी आणि ती टीव्हीवर दिसली की स्वतःच मिरवणारी आई. गडकरी रंगायतनला नाटकं बघून मोठं झालेल्या माणसाला इथे पटकन बालगंधर्व आठवतील पण ते उदाहरण चुकीचं, त्यात सौंदर्याचा आव होता. एडनाची खरी बहीण म्हणजे तमाशाच्या गणगौळणीतली मावशी, जी पुरुष असल्याचं कोणी लपवत नाही आणि जी कमरेवर हात ठेवून सगळ्यांची उतरवते. डिव्हाईनने याच सिनेमात चॅनलच्या गोऱ्या, वर्णद्वेषी मालकाचंही काम केलंय. रिलीजनंतर दोन आठवडेही झाले नव्हते तोच, ७ मार्च १९८८ ला, तो वयाच्या ४२ व्या वर्षी गेला.

मूळ शो खरोखर होता, 'द बडी डीन शो', बाल्टिमोरच्या डब्ल्यूजेझेड चॅनलवर १९५७ पासून. वॉटर्स त्याच शहरातला, तो बघतच वाढलेला. सिनेमात शेवटी सगळे एकत्र नाचतात. प्रत्यक्षात १९६३ मध्ये काळी-गोरी पोरं एकदा एकत्र नाचली पण नंतर एकत्र शो चालवणं जमेना, शेवटी जानेवारी १९६४ मध्ये चॅनलने शोच बंद केला. म्हणजे वॉटर्सने २४ वर्षांनी आपल्या शहराला एक खोटा शेवट बहाल केला, आणि गंमत म्हणजे खुद्द बडी डीन त्यात छोट्याशा रोलमध्ये रिपोर्टर बनून आलाय.

२००२ मध्ये ब्रॉडवेवर याचं म्युझिकल आलं, त्याला अमेरिकन रंगभूमीचे ८ टोनी पुरस्कार मिळाले. २००७ चा सिनेमा त्या म्युझिकलवरून, त्यात एडना जॉन ट्रॅव्होल्टा, हीसुद्धा मावशीच पण जरा गोडगोड. आपल्याकडे बहुतेकांनी हाच पाहिलेला असतो, चकाचक आहे आणि गाणी पोरांना आवडतात. मला १९८८ चा जास्त आवडतो, त्यातली पोरं खरी शाळेतली वाटतात. २०२२ मध्ये तो अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या सिनेमांच्या यादीत, घेतला गेला.

नाचाचं सांगायचं तर त्यातला मॅडिसन जरूर बघा. सगळे रांगेत उभे, एक जण स्टेप पुकारतो आणि अख्खी रांग ती करते. घणसोली-ऐरोलीकडे आगरी हळदीत रात्री अकराला जे चालतं त्याच्या जवळचं आहे, फक्त तिथे पुकारायला कोणी लागत नाही आणि जाड्या काकू पहिल्या लाईनीत असतात.