बीजिंगकरांना उत्तर दिशा कशी सापडते?

बीजिंगमध्ये वाट विचारली, तर ‘डावीकडे वळा’ याऐवजी ‘वांग बेई त्सोउ’, म्हणजे उत्तरेकडे चला, असे सांगणारे अनेक जण भेटतात. दोंग, नान, शी, बेई (पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर) हे शब्द तिथे कोपऱ्यावरचे दुकान सांगतानाही सहज येतात. यावरून तिथल्या लोकांना दिशांचे ज्ञान उपजतच असते, असे मानणे मात्र चुकीचे ठरेल.

डावे-उजवे शरीरावरून ठरते, त्यामुळे माणूस मागे फिरला की तेही उलटते. उत्तर-दक्षिण तशी बदलत नाही; पण ती वापरायची, तर आपले तोंड कुठे आहे याचा हिशेब मेंदूला सतत ठेवावा लागतो. हा हिशेब ठेवणाऱ्या पेशी मेंदूसंशोधक जेम्स रँक यांना १९८४ मध्ये उंदरांच्या मेंदूतील पोस्टसबिक्युलम या भागात आढळल्या. डोके ठरावीक दिशेला असले की त्यातली एक पेशी जोराने विद्युत स्पंद सोडते आणि डोके वळताच ती थंडावून दुसऱ्या दिशेची पेशी जागी होते. उंदीर खोलीत कुठे उभा आहे, याने त्यात फरक पडत नाही. यात चुंबकत्वाची गरज नसते. डोके किती वळले, हे अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका कळवतात, मेंदू त्याची बेरीज करत जातो आणि बेरजेत साचणारी चूक डोळ्यांना दिसणाऱ्या ओळखीच्या खुणांवरून दुरुस्त होते. प्रयोगात भिंतीवरची ठळक खूण हलवली, तर या पेशींची दिशाही तिच्याबरोबर फिरते.

बीजिंगमध्ये अशा खुणा पावलोपावली आहेत. कुबलाई खानाने १२६७ मध्ये उभारायला घेतलेल्या राजधानीचे रस्ते उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम आखलेले होते, आणि जुन्या शहराची ती घडण आजही टिकून आहे. पारंपरिक घरातील मुख्य खोली अंगणाच्या उत्तरेला, दक्षिणेकडे तोंड करून असते. फेंगशुईवाले आणि आपल्याकडचे वास्तुतज्ज्ञ अशा रचनेला शुभ-अशुभ चिकटवतात. प्रत्यक्षात बीजिंगच्या ४० अंश अक्षांशावर डिसेंबरअखेर भरदुपारचा सूर्य दक्षिणेला जेमतेम २७ अंश वर असतो, त्यामुळे ऊन थेट खोलीत येते आणि वायव्येचा बोचरा वारा मागच्या भिंतीवर अडतो.

डोंगरउतारावर वसलेल्या, नागमोडी रस्त्यांच्या चोंगछिंग या चीनमधल्याच शहरात हेच चार शब्द सर्वांना ठाऊक आहेत, तरी वाट सांगताना तिथले लोक डावे-उजवे आणि वर-खाली असेच म्हणतात.