स्कायडायव्हिंग शिकणे

विमानातून उडी घेऊन काही काळ मोकळे पडत राहायचे आणि ठरलेल्या उंचीवर पॅराशूट उघडून जमिनीवर उतरायचे, या खेळाला स्कायडायव्हिंग म्हणतात. शिकायला आलेल्याचे पहिले प्रश्न बहुधा पडण्याबद्दलच असतात: पोटात गोळा येईल का, श्वास घेता येईल का, पॅराशूट उघडलेच नाही तर काय? प्रशिक्षणात मात्र सर्वाधिक मेहनत घ्यावी लागते ती उंचीचे भान ठेवण्यावर आणि उघडलेले पॅराशूट नीट उतरवण्यावर.

आकाशपाळण्यात येतो तसा पोटात गोळा इथे सहसा येत नाही. विमान आधीच ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने पुढे जात असते. दारातून बाहेर पडलेल्याला तो वेग मिळालेलाच असतो आणि पुढे जाणे हळूहळू खाली पडण्यात बदलत जाते. पहिले हजार फूट पडायला साधारण दहा सेकंद लागतात. तोवर हवेचा विरोध शरीराच्या वजनाइतका होतो, वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात स्थिरावतो आणि पुढचे प्रत्येक हजार फूट साडेपाच सेकंदांत सरतात. श्वास व्यवस्थित घेता येतो. नवखा माणूस उत्तेजनेने तो रोखून धरतो, म्हणून उडी घेताना मोठ्याने ओरडायला सांगतात. ओरडले की श्वास आपोआप सुटतो.

शिकण्याच्या वाटा मुख्यतः तीन. टँडेम उडीत विद्यार्थी प्रशिक्षकाच्या पुढ्यात पट्ट्यांनी जखडलेला असतो आणि सारी जबाबदारी प्रशिक्षकाची असते. अनुभव म्हणून ही उडी उत्तम, पण तेवढ्याने उडी मारता येऊ लागली असे होत नाही. स्टॅटिक लाइन ही जुनी पद्धत: विमानाला बांधलेली पट्टी साधारण तीन हजार फुटांवर पॅराशूट आपोआप उघडते. तिसरी ए.एफ.एफ., म्हणजे वेगवर्धित मुक्तपतन. ही १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ झाली. तीत विद्यार्थ्याचे पॅराशूट पहिल्या उडीपासून त्याच्या स्वतःच्या पाठीवर असते आणि दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी त्याला धरून पडतात.

या पहिल्या उडीआधी जवळजवळ पूर्ण दिवस जमिनीवर जातो. पोटावर झोपून कंबर पुढे रेटायची, हात-पाय सैल वर ठेवायचे, हनुवटी उचलायची. शरीराला असा बाक दिला की हवा माणसाला पालथा आणि स्थिर ठेवते. अंग आखडले की तोच माणूस डगमगू लागतो. मग ठरलेला क्रम: क्षितिज पाहा, मनगटावरचा अल्टिमीटर (उंची दाखवणारे उपकरण) पाहा, पॅराशूट उघडायला ओढायच्या मुठीला हात लावून बघा, पुन्हा अल्टिमीटर. हा क्रम इतक्यांदा घोटून घेतात की कंटाळा यावा, आणि ते योग्यच आहे. साडेपाच हजार फुटांवर मूठ ओढायची असते. ती किती नीट ओढली यापेक्षा वेळेवर ओढली की नाही, हे महत्त्वाचे.

पॅराशूट बिघडले तर? पाठीवरच्या संचात दोन पॅराशूट असतात. राखीव पॅराशूटची घडी प्रमाणित रिगरच, म्हणजे या कामाचा परवाना असलेला तंत्रज्ञच घालतो. मुख्य पॅराशूट पिळवटले आणि हाताळता येईना, तर बहुतेक संचांत उजवीकडे असलेली लाल, उशीसारखी मऊ मूठ ओढून ते सोडून द्यायचे आणि डावीकडची मूठ ओढून राखीव उघडायचे. हा निर्णय विद्यार्थ्याने अडीच हजार फुटांच्या वर घ्यायचा असतो. खाली लोंबकळणाऱ्या माणसाचे सगळे वजन पेलणारे पॅराशूट एका हाताने सुटते, ते पॅराशूट-साहित्याचे संशोधक बिल बूथ यांच्या तीन-कडी योजनेमुळे: एकात एक अडकवलेल्या तीन लहान-मोठ्या कड्या तो ताण टप्प्याटप्प्याने कमी करत नेतात. माणूस बेशुद्ध पडला किंवा उंचीच विसरला, तर वेग आणि हवेचा दाब मोजणारे स्वयंचलित उपकरण राखीव पॅराशूट उघडते. १९९१ साली आलेल्या सायप्रेस या उपकरणाने ही सोय भरवशाची केली.

तरीही खेळ निर्धोक नाही. अमेरिकेत २०२३ साली सुमारे ३६ लाख उड्यांत १० जणांचा मृत्यू झाला. अनुभवी लोकांचे कित्येक गंभीर अपघात पॅराशूट व्यवस्थित उघडलेले असताना, जमिनीजवळ घेतलेल्या जोरकस वळणामुळे होतात. म्हणून विद्यार्थ्याला मोठे, संथ पॅराशूट देतात आणि वारा वाढला की थांबवतात. स्वतंत्र उड्या मारण्यासाठी अमेरिकेतला पहिला, ‘ए’ दर्जाचा परवाना किमान २५ उड्यांनंतर मिळतो. त्यासाठी मुख्य पॅराशूटची घडी घालणेही शिकावे लागते.

उतरण्याची आखणी साधारण हजार फुटांवर सुरू होते: आधी वाऱ्याच्या दिशेने, मग आडवे, आणि शेवटचे तीनशे फूट वाऱ्याला सामोरे. दहा-बारा फुटांवर पॅराशूट वळवायच्या दोन्ही दोऱ्या एकदम खाली ओढल्या की पॅराशूटचा वेग मोडतो. याला फ्लेअर म्हणतात. नजर पायांखाली गेली की उंचीचा अंदाज हमखास चुकतो, म्हणून ती पुढे, क्षितिजाकडे ठेवायची. फ्लेअर घाईने वरच झाला, तर हात होते तिथेच धरून ठेवायचे. ते परत वर सोडले की पॅराशूट पुढे झेपावते आणि माणूस जोरात आपटतो. दोन्ही पाय आणि गुडघे जुळवून, कुशीवर गडगडायच्या तयारीत राहायचे.