तंबाखू नसली तरी: सुपारी, दाह आणि तोंडाच्या कॅन्सरचा इतिहास

तोंडाच्या कॅन्सरचा विषय निघाला की आपण तंबाखूला दोष देऊन मोकळे होतो. तो दोष खराच आहे. पण तंबाखूचा कणही नसलेली सुपारी एकटीसुद्धा कॅन्सर घडवू शकते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य करायला २००३ साल उजाडलं. तोवर बडीशेपेच्या ताटलीपासून पानटपरीपर्यंत सुपारी घराघरात मुरलेली होती.

दाह, म्हणजे शरीरातली सूज, आणि कॅन्सर यांचं नातं त्यापेक्षा फार जुनं आहे. १८६३मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विरशॉ यांनी कॅन्सरच्या गाठींमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी जमलेल्या पाहिल्या. जिथे दीर्घकाळ चुरचुर, जखम, सूज राहते तिथेच गाठ उगवते, असा त्यांचा अंदाज होता. पुढे ही कल्पना बरीच वर्षं मागे पडली. १९८६मध्ये अमेरिकेतले हॅरॉल्ड ड्वोराक यांनी गाठी म्हणजे न भरणाऱ्या जखमाच, असं मांडून ती पुन्हा चर्चेत आणली.

सुपारीची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने आली. १९५२मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या भारतीय स्त्रियांच्या तोंडात एक विचित्र ताठरपणा नोंदवला. त्याच सुमारास मुंबईचे डॉ. जोशी यांनी टाळू आणि घशाजवळच्या भागातल्या याच आजाराचं वर्णन केलं आणि त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव मिळालं. आधी तिखट झोंबू लागतं, मग आतली त्वचा पांढुरकी पडते, गालात दोरीसारखे पट्टे हाताला लागतात आणि एक दिवस तोंडात घासही नीट जात नाही. १९५६मध्ये टाटा मेमोरियलच्या पेमास्टर यांनी या रुग्णांत कॅन्सर होताना पाहिला.

पहिला संशय गेला मिरचीवर. तिखट खाल्लं की आग होते, तेव्हा मिरचीच गुन्हेगार असणार, असं वाटणं साहजिक होतं. १९६०मध्ये मुंबईत सिरसाट आणि खानोलकर यांनी मुद्दाम निकृष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या टाळूला मिरचीतलं कॅप्सायसिन लावून तसेच बदल घडवले. प्रयोग मोलाचा होता, कारण आहारातली उणीव आणि सततची चुरचुर एकत्र आली तर काय होतं, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला होता. पण इतरत्र केलेल्या प्राणिप्रयोगांत तसं दिसलं नाही, आणि मेक्सिकोसारख्या मिरचीच्या मुलखात हा आजार आढळत नव्हता. तिखट झोंबणं हे आजाराचं लक्षण होतं, कारण नव्हे.

खरा पुरावा गावोगाव फिरून मिळाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या फली मेहता यांच्या चमूने आणि डॅनिश तज्ज्ञ पिंडबोर्ग यांनी साठच्या दशकापासून घरोघरी जाऊन लोकांची तोंडं तपासली. एकट्या महाराष्ट्रातच एक लाखाहून अधिक गावकरी तपासले गेले. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात सबम्यूकस फायब्रोसिसच्या ६६ रुग्णांवर त्यांनी १७ वर्षं नजर ठेवली. त्यातल्या सुमारे ७.६ टक्के लोकांना तोंडाचा कॅन्सर झाला. त्यानंतर गुजरातेतल्या भावनगरच्या अभ्यासात सुपारी, आणि विशेषतः मावा (सुपारी, तंबाखू आणि चुना यांचं मिश्रण), या आजाराशी घट्ट जोडलेला निघाला.

सुपारी हे करते कशी? तिचे राठ तंतू गालाच्या आतल्या पातळ त्वचेला पुन्हा पुन्हा ओरबाडतात. त्यातलं अरेकोलीन हे रसायन आत शिरतं, दाहाच्या पेशी गोळा होतात आणि ऊतींना दुरुस्तीचे संदेश सोडतात. सुपारी तोंडात असेपर्यंत ही दुरुस्ती संपतच नाही. तंतुपेशी कोलॅजन हे चिवट धाग्यांचं प्रथिन बनवत राहतात. सुपारीत तांबं भरपूर असतं, आणि ते कोलॅजनचे धागे एकमेकांना घट्ट बांधणाऱ्या विकराला (एन्झाइमला) बळ देतं. म्हणून पट्टे सहजी विरघळत नाहीत. सोबत चुना असला तर सुपारीतल्या घटकांतून पेशींच्या डीएनएला इजा करणारे ऑक्सिजनचे कण सुटतात. दाह आणि डीएनएची इजा वर्षानुवर्षं एकाच जागी होत राहते, आणि विरशॉंचा अंदाज इथे अक्षरशः खरा ठरतो.

तरीही १९८५मध्ये कर्करोग संशोधन संस्थेने फक्त तंबाखूच्या विड्यालाच दोषी धरलं. भारतात बहुतेक लोक दोन्ही एकत्र खात असल्याने वेगळा हिशेब मांडणं अवघड होतं. तैवानमध्ये विड्यात तंबाखू घालत नाहीत, तरी तोंडाचा कॅन्सर होतोच, हे आकड्यांनिशी पुढे आलं तेव्हा कोंडी फुटली. मधल्या काळात आपल्याकडे गुटख्याची पाकिटं आली आणि आजार तरुणांत पसरला. या उशिराची किंमत त्या मुलांनी मोजली, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्राने २००२मध्ये गुटखाबंदी केली, ती २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. अन्नात तंबाखू आणि निकोटिन नको, असा केंद्राचा नियम २०११मध्ये आल्यावर २०१२पासून इथे पुन्हा बंदी लागू झाली. म्हणजे कायद्यानेही हा विषय अन्नाचाच ठरवला. आहार आणि कॅन्सरच्या गप्पांत आपण साखर, तेल, मांस यांची झडती घेतो, पण जेवणानंतर तोंडात टाकलेली सुपारी मोजत नाही. साधी सुपारी तर आजही किराणा दुकानात मिळते.

ताठरपणा आल्यावर सुपारी सोडली तर आजार पुढे सरकणं थांबू शकतं, पण झालेले पट्टे बहुधा राहतात आणि कॅन्सरचा धोका पूर्ण जात नाही. टोमॅटोतलं लायकोपीन, व्यायाम, इंजेक्शनं यांनी तोंड थोडं जास्त उघडतं. तोंडात पूर्वीइतकी बोटं मावत नसतील किंवा साधी आमटीही झोंबत असेल, तर दंतवैद्याला दाखवायला थांबू नये, आणि सुपारी सोडल्यावरही दर काही महिन्यांनी तपासणी चालू ठेवावी.